पुनरुच्चार

अहवालाच्या तिसऱ्या पानावर 'दिलेले आदेश' असा एक रकाना होता आणि त्या रकान्यात शून्य लिहिलेले होते.

मेजर तन्मयी सोनटक्के हिने पान उलटले, पुन्हा मागे आणले. शून्य जागच्या जागी होते. जानेवारीत भीमेच्या पात्रावर झालेल्या सरावाचा हा अहवाल होता. एकशे चाळीस मीटर लांबीचा तरंगता लष्करी पूल तिच्या कंपनीने सत्तेचाळीस मिनिटांत बांधला होता. मर्यादा पंचावन्न मिनिटांची होती. पूल बांधून झाला होता, त्यावरून रणगाडे पार गेले होते, आणि तिच्या नावापुढे यंत्राने नोंदवले होते : 'उपस्थित. निष्क्रिय. नेतृत्व आढळले नाही.' त्याच पानावर खाली हवालदार धनाजी मगदूम यांचे नाव होते. आदेश एकसष्ट. नेतृत्व, शंभरांपैकी चौऱ्याण्णव.

"हे मी लिहिलेलं नाही, एवढंच मला समाधान आहे," समोर बसलेले कर्नल निंबकर म्हणाले. ते रेजिमेंटचे प्रमुख होते आणि अप्रिय गोष्टी सांगताना चष्मा पुसण्याची त्यांना सवय होती. "यंत्रानं लिहिलंय."

"सर, पूल मी बांधून घेतला."

"पूल झाला याबद्दल वादच नाही."

"मग तो कोणाच्या सांगण्यावरून झाला?"

"मगदूमच्या, असं इथे दिसतंय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे पाहा, हवालदार चांगला मिळाला की अधिकारी थोडा सैल पडतो. तरुणपणी माझंही झालंय."

"तुमचे आदेश कधी शून्य भरले होते का, सर?"

"तेव्हा 'निकष' नव्हता."

तन्मयीने अहवाल मिटून मेजावर ठेवला. कर्नलसाहेबांना ती संमती वाटली असावी, कारण त्यांचा आवाज मऊ झाला.

"मनाला लावून घेऊ नका. सगळीकडे हेच आकडे आहेत. पूल, तोफा, रणगाडे. तीनशे बारा बायका, नऊ वर्षांच्या नोंदी. एकत्रित अहवाल एप्रिलमध्ये वर जातोय आणि या जागा पुन्हा पुरुषांपुरत्या ठेवाव्यात अशी त्यात शिफारस आहे. तुमच्यासाठी दहा तारखेला मूल्यमापन मंडळ बसेल. कंपनीचा ताबा जाईल असं धरून चला."

"आणि मी तिथे काय सांगायचं?"

"खरं ते सांगा," कर्नल म्हणाले. ते मनापासून बोलत होते, आणि त्यामुळेच तिला संताप आला.

*

'निकष' सैन्यात आला तेव्हा त्याचे सर्वांत मनापासून स्वागत स्त्री-अधिकाऱ्यांनी केले होते. त्यापूर्वी वार्षिक अहवाल माणसे लिहीत. तन्मयीच्या पहिल्या अहवालात वरिष्ठांनी लिहिले होते : 'मनमिळाऊ, उत्साही. कंपनीत प्रसन्न वातावरण राखते.' तिच्या बरोबरीच्या एका अधिकाऱ्याला त्याच वर्षी 'खंबीर' हा शब्द मिळाला होता. त्याच्यापेक्षा नऊ मिनिटे आधी तिने पूल पुरा केला होता, पण मिनिटांसाठी त्या अहवालात रकाना नव्हता. यंत्राला प्रसन्न वातावरण कळणार नव्हते. त्याला मिनिटे कळणार होती. म्हणून ती यंत्राच्या बाजूची होती. मधली वर्षे तिची प्रशिक्षण केंद्रात शिकवण्यात गेली; यंत्राच्या देखरेखीखाली पूल बांधून घेण्याची जानेवारीतली ही तिची पहिलीच वेळ होती.

यंत्रामागची कल्पना सरळ होती. प्रत्येक सैनिकाच्या शिरस्त्राणात एक ध्वनिग्राहक असे. शंभर माणसांचे बोलणे आणि वीस गाड्यांचा गोंगाट एकाच संगणकाकडे जाई. संगणक त्यातून आधी यंत्रांचा आवाज वजा करी, मग उरलेल्या आवाजांतून माणसे वेगळी करी, आणि कोण कधी काय बोलले याची संहिता तयार करी. त्या संहितेशेजारी प्रत्यक्ष घडलेली कृती मांडली जाई : हा आदेश सुटला, ही कडी बसली, तो आदेश सुटला, तो तुकडा पाण्यात उतरला. अशा रीतीने प्रत्येक कृतीचे श्रेय ज्याच्या शब्दाने ती घडली त्याच्याकडे जाई. साठवणीला जागा पुरत नसल्याने मूळ ध्वनिमुद्रण तीस दिवसांनी पुसून टाकत. गाळून स्वच्छ केलेले ध्वनिमुद्रण आणि संहिता तेवढी कायम राहत.

आता मार्च उजाडला होता. जानेवारीचा मूळ आवाज जगात कुठेच शिल्लक नव्हता.

*

मगदूम पुलाच्या आवारात सापडला. उन्हात उलट्या ठेवलेल्या तुकड्यांच्या कड्या तो एकेक वाजवून पाहत होता. तिला पाहून सरळ उभा राहिला.

"अहवाल वाचला का, मगदूम?"

"वाचला, साहेब." कंपनीत सगळे तिला साहेबच म्हणत. "दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, कुण्या दुसऱ्या मगदूमाचा आलाय."

"एकसष्ट आदेश दिलेत तुम्ही."

"कुटं दिले? दिले तुमी, मी परत म्हणलो. आपली ड्रिलच हाय तशी."

ती ड्रिल तन्मयीला कोणी सांगण्याची गरज नव्हती. पुलाच्या कामात आदेश कानावर पडला की तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच हात हलवायचा. पाण्यावर अर्धवट ऐकून कोणी कडी सोडली, तर चार टनांचा तुकडा माणसाच्या अंगावर येतो. या पुनरुच्चाराने पिढ्यान्‌पिढ्या माणसे वाचवली होती.

"नायब सुभेदारीसाठी तुमचं नाव गेलंय ना?"

मगदूमने हातातला पाना खाली ठेवला. "गेलंय. चौऱ्याण्णववर गेलंय. घरातनं पेढे वाटून झालेत, सगळ्या गल्लीत. सासऱ्यानं फेटा आणून ठेवलाय."

"मी तुम्हाला मंडळापुढे बोलावणार नाही. तुमचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही."

"मला बढती पायजे, साहेब. खोटं कशाला बोलू? सोळा वर्षं झाली नोकरीला." त्याने एका कडीवरचा गंज नखाने खरवडला. "पर तुमची नको. माझी माझी मिळाली तर बरी."

तन्मयीच्या मनात एक विचार आला आणि तो उच्चारायची तिला लाज वाटली. शेवटी तिने विचारलेच. "मगदूम, त्या दिवशी मी खरंच बोलत होते ना?"

मगदूमचे नख कडीवर थांबले.

"साहेब, असलं काय विचारताय?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी बोलत नव्हता तर मी परत काय म्हणत होतो?"

*

'निकष'मधली ध्वनिगाळणी डॉ. फैयाज सतारमेकर यांनी तयार केली होती. तन्मयीच्या पत्राला त्यांनी दोन ओळींचे उत्तर पाठवले : गाळणी आजवर चुकलेली नाही, प्रत्यक्ष येऊन दाखवतो. आठवड्याने ते आले. मिरजेचे, पन्नाशीचे, बुटके गृहस्थ. उन्हाने हैराण झालेले आणि तरीही गाडीतून उतरल्या उतरल्या पुलाच्या गाडीचा पंप सुरू करायला सांगणारे. पुलाचे तुकडे उचलणारा गाडीचा हात तेलाच्या दाबावर चालतो आणि तो दाब हा पंप निर्माण करतो. काठावर एक सलग, दाट गुणगुण भरून राहिली.

"आता बोला. नेहमी आदेश देता तसं."

तन्मयीने शिरस्त्राण घातले. "डावा तुकडा दोन हात पुढे."

"डावा तुकडा दोन हात पुढे, साहेब," बाजूला उभ्या मगदूमने सवयीने परत म्हटले.

सतारमेकरांच्या हातातल्या पडद्यावर एक ओळ उमटली. मगदूम : डावा तुकडा दोन हात पुढे. त्याखाली काही नव्हते. वरही काही नव्हते.

"पुन्हा," ते म्हणाले.

ती पुन्हा बोलली. तिने एक ते वीस आकडे मोजले. स्वतःचे नाव आणि हुद्दा सांगितला. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टर, मी तुमच्यापासून चार हातांवर उभी आहे." पडदा कोराच राहिला. सतारमेकरांनी पंप बंद करायला सांगितला. ती त्याच आवाजात तेच वाक्य बोलली आणि पडद्यावर ते स्वच्छ उमटले : मेजर सोनटक्के.

सतारमेकरांनी पंपाच्या अंगावरची पट्टी वाचली आणि जमिनीवरच, मातीत बोटाने, गुणाकार केला.

"मिनिटाला चौदाशे फेरे. आत दट्टे नऊ. म्हणजे सेकंदाला दोनशे दहा ठोके. ही गुणगुण म्हणजे दोनशे दहा कंपनांचा स्वर आहे." त्यांनी वर पाहिले. "पुरुष बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला शंभर ते दीडशे कंपनांच्या आसपास असतो. बाईचा दोनशेच्या आसपास. तुमचा दोनशे आठ आहे, आत्ताच मोजला."

"पण आवाज म्हणजे एकच स्वर नसतो."

"नसतो. मूळ स्वरावर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर उभे असतात. शब्द त्यांच्यातून कळतात. पण गोंगाटात ते विखुरलेले असतात. यातले कोणते एका गळ्यातले, हे माझं यंत्र मूळ स्वराला धरून ठरवतं. मूळ स्वर पंपाचा म्हणून वजा झाला की वरचेही त्याच्यामागोमाग पंपाच्याच नावावर जातात." त्यांनी घाम पुसला. "आमच्याकडे तीन पिढ्या तंबोरे करतात. दोन तारा नीट जुळल्या की कानाला एकच ऐकू येते. वडील म्हणायचे, जुळणं हा तारेचा गुण आहे. इथे तुमचा आवाज पंपाशी जुळला, आणि तो तुमचा दोष म्हणून लिहिला गेला."

"आणि मगदूमचा?"

"एकच वाक्य लागोपाठ दोनदा आलं, तर यंत्र पहिल्याला आदेश धरतं, दुसऱ्याला पुनरुच्चार. पहिलं ऐकूच आलं नाही, तर दुसरं आपोआप पहिलं होतं."

"समजा मी ओरडून बोलले असते तर?"

सतारमेकरांनी हातातला पडदा खाली ठेवला. "ओरडलं की स्वर चढतो. तीनशेच्या वर गेला की गाळणीतून सुटतो. तेव्हा यंत्र तुम्हाला ऐकतं." ते तिची नजर टाळत होते. "पण तीनशेच्या वरचा आवाज 'भावनिक अस्थैर्य' या रकान्यात जातो."

मगदूम हसला, पण ते हसणे चांगले नव्हते. "म्हंजे बोलल्या तर मुक्या, आणि ओरडल्या तर येड्या. झ्याक केलंसा, डॉक्टर."

"यंत्र सैन्यात घेण्याआधी त्याची चाचणी झाली होती ना?" तन्मयीने विचारले. "त्यात बायका नव्हत्या?"

"सहा होत्या. सहाही जणींचे आवाज शंभर टक्के ओळखले."

"चाचणी कुठे घेतली?"

"सभागृहात," सतारमेकर म्हणाले.

"पंपाशिवाय."

"पंपाशिवाय. आणि गाळणी शिकवली ती एक्केचाळीस हजार तासांच्या जुन्या मुद्रणांवर. त्यात बायकांचे तास दोनशेदेखील नसतील. तेवढ्यावरून त्यांचा आवाज वेगळा काढायला ती शिकलीच नाही. पंप त्याच बनावटीचे तोफखान्यातही आहेत, रणगाडे ओढणाऱ्या गाड्यांवरही आहेत." त्यांनी मातीतला गुणाकार तळहाताने पुसला आणि लगेच, जणू पुरावा नष्ट केल्याचे भान येऊन, पुन्हा लिहून काढला. "मी लेखी देतो, मॅडम. माझ्या सहीनं. प्रयोगशाळा काय म्हणायचं ते म्हणेल."

*

तीनशे बारा जणींपैकी शहाण्णव जणींनी नोकरी सोडली होती. सतारमेकरांनी दिलेल्या यादीतल्या पहिल्या चार क्रमांकांवर कोणी उत्तर दिले नाही. पाचवा क्रमांक माजी कॅप्टन ऋजुता वाघधरे हिचा होता. वाळूत रुतलेले, बिघडलेले रणगाडे ओढून काढणाऱ्या तुकडीची ती प्रमुख होती. आता चिपळूणच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. तिचा आवाज घोगरा आणि फाटलेला होता.

"सर्दी झालीय का?" तन्मयीने विचारले.

"नाही, मॅम. आवाज असाच आहे आता. दोन शस्त्रक्रिया झाल्या."

तन्मयीने पंप, दोनशे दहा कंपने, पुनरुच्चार हे सगळे समजावून सांगितले. विज्ञानाच्या शिक्षिकेला ते दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

"मला दोन वर्षं सल्लागाराकडे पाठवत होते," ऋजुता म्हणाली. "ते म्हणायचे, ठामपणे बोला. अहवालात दरवेळी 'निर्णय देत नाही' असं यायचं. मग मी गळा दाबून, खालच्या पट्टीत बोलायला शिकले. वाळूत, दिवसभर. स्वरतंतूंवर गाठी आल्या."

"तुमच्या जवानांनी कोणी सांगितलं नाही, की तुम्ही आदेश देत होता म्हणून?"

"मी विचारलंच नाही, मॅम. कसं विचारणार? आणि काही काळानं मला वाटायला लागलं होतं की मीच बोलायचं विसरते. मनात येतं आणि तोंडातून बाहेर पडत नाही, असं काहीतरी मला होतंय. त्याच्यासाठी गोळ्यासुद्धा घेत होते. आता हे सांगताय ते खरं असेल, तर बरं वाटायला हवं ना? मला नुसता राग येतोय."

"मलाही," तन्मयी म्हणाली.

*

दहा तारखेला मंडळ बसले. तिघे सदस्य, अध्यक्षस्थानी ब्रिगेडियर देशप्रभू. सतारमेकरांचे निवेदन त्यांनी वाचले आणि बाजूला ठेवले. प्रयोगशाळेचे वेगळे पत्र आले होते : डॉक्टरांचे मत वैयक्तिक असून मूळ ध्वनिमुद्रण उपलब्ध नसल्याने ते पडताळता येत नाही.

"अडचण समजून घ्या, मेजर," ब्रिगेडियर म्हणाले. "आज पंप तुमचा आवाज झाकतो, हे दिसलं. जानेवारीत तुम्ही बोलला होता, याला पुरावा काय?"

"माझ्या कंपनीतले शंभर जण आहेत, सर."

"ते तुमच्या हाताखालचे आहेत. तुमच्याविरुद्ध कोण बोलेल?"

"मी बोलू का, साहेब?"

दाराशी मगदूम उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. गणवेशाला कडक इस्त्री होती आणि चेहऱ्यावर लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसाचा अवघडलेपणा होता. तन्मयीने मानेने नको म्हटले. त्याने ते पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले.

"ही गोष्ट उघड झाली तर तुमचे चौऱ्याण्णव गुण जातील, हे माहीत आहे?" ब्रिगेडियरनी विचारले.

"म्हाईत हाय. म्हणूनच तर माझं ऐका. ह्यात माझा फायदा कायच न्हाई." त्याने टोपी काखेत दाबली. "ते गाळलेलं रेकॉर्डिंग हाय ना, ते लावा. कागदावरचं नको. आवाज लावा."

आवाज लावला. पंपाची गुणगुण गेलेली होती, तन्मयी गेलेली होती. एका निर्जीव शांततेत मगदूम एकटाच बोलत होता. *डावा तुकडा दोन हात पुढे, साहेब. कडी धरून ठेवा, साहेब. बोट क्रमांक तीन मागे, साहेब.*

"हातातल्या कागदावर बघा. हितं 'साहेब' लिवलंय का?"

सदस्यांनी संहिता पाहिली. नव्हते. तांत्रिक अधिकाऱ्याने खुलासा केला की साहेब, जी, जय हिंद असे शब्द यंत्र शिष्टाचार म्हणून संहितेतून गाळते. त्यांना आदेशाच्या दृष्टीने अर्थ नसतो.

"अर्थ नसतो?" मगदूमने ब्रिगेडियरकडे पाहिले. "साहेब, माझ्या बोटीत पाच पोरं हुती. सगळी माझ्या हाताखालची. त्यातल्या कुणाला मी साहेब म्हणंन? घरात बायकोला म्हणतो, पर ती काय नदीवर आली नव्हती."

एक सदस्य हसू दाबत खाली पाहू लागला. ब्रिगेडियर हसले नाहीत. मुद्रण पुढे चालूच होते. साहेब. साहेब. एकसष्ट वेळा. ज्या व्यक्तीला हे यंत्र निष्क्रिय म्हणत होते, तिलाच त्यातला प्रत्येक शब्द उद्देशून होता.

मंडळाने अर्धा तास आत चर्चा केली. मग तन्मयीला एकटीला बोलावले. मेजावर एक प्रमाणपत्र होते.

"तुमचे एकसष्ट आदेश तुमच्या नावावर जमा होतील," ब्रिगेडियर म्हणाले. "कंपनी तुमच्याकडेच राहील. एप्रिलमध्ये उत्तर सीमेवर जाणारी पहिली पूल कंपनी तुमची असेल. त्या जागेसाठी तुम्ही किती वर्षं थांबलात, मला ठाऊक आहे. सही करा."

तिने वाचले. शेवटून दुसरी ओळ अशी होती : 'सदर दोष या एकाच शिरस्त्राणापुरता मर्यादित असल्याचे मला मान्य आहे.'

"आणि एकत्रित अहवाल, सर?"

"तो वेगळा विषय आहे. तो ठरल्या वेळी जाईल."

"तीनशे अकरा नावांसह."

"मेजर, तुमच्यावरचा अन्याय दूर होतोय. तेवढ्यापुरतं बघा."

"हा दोष एका शिरस्त्राणाचा नाही, सर. हे मान्य करणं म्हणजे खोटं लिहून देणं आहे." तिचा आवाज चढला नाही, चढू नये याची काळजी घ्यावी लागते याचाच तिला संताप येत होता. "नऊ वर्षं आम्ही बोललो, काम झालं, आणि ते काम ज्यांनी आमचे शब्द परत म्हटले त्यांच्या नावावर लागलं. त्या आकड्यांवरून आता आम्हाला या कामाला नालायक ठरवताय. मला अपवाद ठरवलंत, तर उरलेल्या नियम ठरतात. मी सही करणार नाही."

"सही न केल्यास तुमचं शून्य कायम राहील. कंपनी सोमवारी मेजर कोठावळे घेतील."

"समजलं, सर."

ब्रिगेडियर देशप्रभूंनी प्रमाणपत्र उचलून बाजूला ठेवले. ते दुष्ट नव्हते. नोकरीची दोन वर्षे उरलेले, नियमांत राहणारे गृहस्थ होते. "तुमची असहमती लेखी द्या," ते शेवटी म्हणाले. "हवालदाराचा जबाब जोडा, डॉक्टरांचं निवेदन जोडा. लेखी आक्षेप असेल तर अहवाल सहा महिने थांबतो, असा नियम आहे. पण फेरतपासणीला मी मनुष्यबळ देऊ शकत नाही. नऊ वर्षांची मुद्रणं कोण ऐकणार?"

"मी मोकळीच आहे, सर," तन्मयी म्हणाली. "सोमवारपासून."

*

एप्रिलमध्ये कंपनी उत्तरेला गेली. मगदूम हवालदार म्हणूनच गेला, निघताना तो एवढेच म्हणाला, "कोठावळे साहेब बरे हायत. पर आवाज लई मोठा हाय, बोट पळती त्यांच्या आवाजानं." तन्मयीला छावणीतली एक खोली, दोन हेडफोन आणि गाळलेल्या मुद्रणांची यादी मिळाली. सकाळी साडेआठ ते सायंकाळी सहा ती पुरुषांचे आवाज ऐके आणि 'साहेब' आला की नोंद करी : वेळ, वाक्य, त्यानंतर घडलेली कृती, ती बरोबर की चूक. चुकीची कृतीही ती तितक्याच काळजीने लिही. शनिवारी सतारमेकर येत आणि दुसरा हेडफोन लावून बसत. मे महिन्यात नोकरी सोडलेल्या दोघीजणी स्वतःच्या खर्चाने आल्या आणि राहिल्या. या कामाला रकाना नव्हता. त्यामुळे 'निकष'च्या दृष्टीने त्या खोलीत कोणीच काही करत नव्हते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाळवंटातले एक जुने मुद्रण निघाले. एक कोवळा, दमलेला नाईक सहा तास एकटाच बोलत होता. *दोर सैल सोडतो, साहेब. पाचर मारली, साहेब. साहेब, चाक फिरलं.* शेवटी रणगाडा बाहेर आला तेव्हा तो पोरगा इतका मोठ्याने 'साहेब' म्हणाला, की तन्मयीने हेडफोन कानापासून दूर केला.

तिने चिपळूणला फोन लावला. शाळेची मधली सुट्टी होती. मागे मुलांचा कल्ला ऐकू येत होता.

"ऋजुता, तुमचं पहिल्या वर्षीच्या मार्चमधलं मुद्रण ऐकून झालं. यंत्राच्या अहवालात शून्य होतं. मोजले ते एकशे अठरा आहेत."

मुलांचा आवाज हळूहळू मागे पडला. ती कुठेतरी आडोशाला गेली असावी.

"त्यात चुकीचे किती, मॅम?"

"दोन. मी वेळ सांगते, म्हणजे..."

"नको, थांबा." त्या फाटलेल्या आवाजाला एकाएकी घाई झाली होती. "एक, पहिला दोर डाव्या बाजूनं घ्यायला सांगितला तो. आणि दुसरा, दुपारी, 'थांब' म्हणायला मला उशीर झाला आणि हूक निखळला. बरोबर?"

तन्मयीने कागदावरच्या दोन नोंदी पाहिल्या. "बरोबर."

"मग ते माझ्या नावावर लिहा," ऋजुता म्हणाली. "ते दोन्ही माझे आहेत."